नवऱ्याचे दोन आवाज

मी नवऱ्याच्या प्रेमात पडले ती त्यांना भेटायच्या आधीच, आणि तीही भलत्याच माणसाच्या आवाजावरून. हे असं सरळ सांगितलं की आमच्या सुनेला हसू आवरत नाही. पण खरं तेच आहे, त्याला मी काय करू?

मी मूळची नाशिकची. शिक्षिकेची नोकरी लागली ती सटाण्याच्या पुढे एका खेड्यात, पहिलीच्या वर्गावर. तिथल्या अहिराणीचा मला गंधही नव्हता. पोरं म्हणायची, "बाई, पाटी फुटेल शे," आणि मी म्हणायचे, "फुटलेली आहे म्हण." असं दिवसभर चालायचं. शेवटी पोरांनीच मला शिकवली, कारण त्यांची संख्या जास्त होती. त्याच वर्षी गावच्या यात्रेत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून एक पिक्चर लावला होता. सगळा पिक्चर अहिराणीत. तोवर पिक्चर म्हणजे हिंदीत, फार तर मराठीत, अशीच सगळ्यांची समजूत होती. आपण घरात बोलतो ती भाषा टीव्हीतून ऐकू येते हे बघून म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पिक्चर लग्नाच्या शूटिंगच्या कॅमेऱ्यावर काढलेला होता. बैलगाडीवर कॅमेरा ठेवून गाडी ढकलत न्यायची, म्हणजे चालतं दृश्य मिळतं, अशी सगळी सोय. नायक शिडशिडीत, कुरळ्या केसांचा, अख्ख्या पिक्चरभर एकच चॉकलेटी पँट घातलेला. पण त्याने तोंड उघडलं आणि मी गारच पडले. काय तो आवाज! खर्जातला, भरदार, विहिरीतून आल्यासारखा. खलनायक शेठसमोर उभा राहून तो म्हणाला, "शेठ, आज हात जोडी ऱ्हायनू. सकाय हाऊच हात उगारसू!" सगळी यात्रा शिट्ट्या वाजवायला लागली. आज जोडलेला हात उद्या उगारीन, एवढंच तर वाक्य. पण पुढे कित्येक दिवस फळ्यावर बाराखडी लिहिताना ते माझ्या कानात घुमत होतं.

पुढच्या वर्षी आमच्या मुख्याध्यापकांनी एक स्थळ सुचवलं. मुलगा सटाण्याच्या बाजार समितीत आहे, कांद्याचे लिलाव पुकारतो, कविता करतो, आणि हो, त्या पिक्चरचा हिरो तोच. मी घरच्यांना विचार करायलाही वेळ दिला नाही. बघण्याचा कार्यक्रम नाशिकला आमच्या घरी झाला. मी पोहे घेऊन बाहेर आले, मान खाली घालून बसले आणि त्या आवाजाची वाट बघू लागले. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "आपलं शिक्षण किती?" आवाज बारीक, किंचित नाकातला. मला वाटलं, सोबत आलेल्या धाकट्या भावाने विचारलं. मी त्या भावाकडे बघून उत्तर दिलं. तो बिचारा लाजून लाल झाला. मग पुन्हा तोच बारीक आवाज आला आणि या खेपेला मी ओठ हलताना पाहिले. ते ओठ नायकाचे होते.

नाही म्हणायची संधी होती. पण चेहरा तोच होता, आणि त्या चेहऱ्यावर असा काही अपराधी भाव होता की मला दयाच आली. मला काय झालंय हे त्यांना आधीच समजलं असावं, कारण ते त्यांच्या बाबतीत रोज घडत होतं.

झालं होतं असं. शूटिंग संपलं तेव्हा लक्षात आलं की सगळ्या संवादांवर मोटारपंपाचा आवाज बसलाय. मग ज्याच्या कॅमेऱ्यावर पिक्चर काढला, त्या व्हिडिओवाल्याच्या मालेगावच्या दुकानात जाऊन नटांनी पडद्याकडे बघत पुन्हा बोलायचं ठरलं. तारीख ठरली ती नेमकी कांद्याच्या ऐन हंगामातली. आठवडाभर लिलाव पुकारून यांचा घसा असा बसला होता की फुंकर मारल्यासारखी हवा यायची, शब्द नाही. व्हिडिओवाल्याने बराच वेळ वाट पाहिली आणि मग, "तू ऱ्हाऊ दे रे भो, मी बोलस," म्हणून स्वतःच माईकसमोर बसला. तो माणूस एरवी रिक्षात बसून जाहिराती पुकारायचा. 'साड्यांचा भव्य सेल, आज शेवटचा दिवस' हे ऐकत अख्खा तालुका लहानाचा मोठा झाला होता. त्याच गळ्यातून यांनी नायिकेला लग्नाची मागणी घातली, शेठला दम दिला आणि शेवटी गोळी खाऊन प्राणही सोडला.

पिक्चर गावोगाव चालला. हे जिथे जातील तिथे लोक गोळा व्हायचे आणि म्हणायचे, डायलॉग होऊ द्या. पहिल्या पहिल्यांदा यांनी आपल्या आवाजात म्हणून दाखवला. लोक एकमेकांकडे बघायचे. एकाने तर तोंडावर सांगितलं, "तशे नही भाऊ, तो हिरो कसा म्हनस, तशे म्हना." म्हणजे हिरोनेच हिरोची नक्कल करावी! आणि यांनी ती केली. विहिरीवर एकटे बसून, घसा खरवडून खरवडून, त्या व्हिडिओवाल्याचा आवाज कमावला. लग्न झालं तोवर तो इतका पक्का बसला होता की उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की खर्ज, आत आलं की बारीक. पावसात छत्री उघडावी इतकं ते सहज व्हायचं.

मला याचा राग यायचा, आणि मी तो लपवलाही नाही. कारण हे नुसते नट नव्हते, कवी होते, आणि चांगले होते. कविता हे वहीत लिहीत नसत. लिलावाच्या ओट्यावर उभं राहून भाव पुकारता पुकारता डोक्यात जुळवायचे आणि घरी येऊन मला म्हणून दाखवायचे. मी भाकरी थापत ऐकायचे. त्या बारीक आवाजात कांद्याच्या पातीची सळसळ यायची, शाळेतून पळालेलं पोर यायचं, माझी सासूही यायची. हेच महाशय कविसंमेलनात उभे राहिले की सगळी कविता सेलमध्ये काढायचे. हळुवार ओळ अशी गडगडायची की पुढच्या रांगेतलं लहान मूल रडायला लागायचं. टाळ्या मात्र भरपूर. लोकांना हिरो दिसायचा, कवी ऐकूच यायचा नाही.

"अहो, तुमच्या आवाजात म्हणा ना एकदा," मी म्हणायचे.

"लोकेस्ले तोच आवाज पाहिजे, बाई." मला ते पहिल्यापासून 'बाई'च म्हणतात, शाळेतल्या पोरांसारखं.

"आणि तुम्हाला कोणता पाहिजे?"

यावर ते पाणी प्यायला उठायचे. माझे सासरे, मी त्यांना पाहिलं नाही, पण म्हणतात की धिप्पाड होते आणि त्यांनी शिवारात हाक मारली की पलीकडच्या गावचे बैल थांबायचे. लेक अंगानेही आईवर गेला आणि आवाजानेही. लहानपणापासून 'बापासारखा नाही झालास' हे ऐकत मोठं झालेल्या माणसाला आयता एक भरदार आवाज मिळाला, तर तो सोडणार कशाला? हे मला कळायचं. पण कळलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे?

दुसरा पिक्चर सुरू झाला आणि नायिकेचं लग्न ठरल्याने अर्ध्यात बंद पडला. कविता चालू राहिल्या, लिलाव चालू राहिले, मुलगा शिकला, नोकरीला लागला. आम्ही दोघंही रिटायर होऊन नाशिकला, गंगापूर रोडला त्याच्याकडे राहायला आलो. इथे यांना कोणी ओळखणार नाही, आता सुटले बिचारे, असं मला वाटलं होतं. कसलं काय! भाजीवाला निघाला बागलाणचा, म्हणजे आमच्या सटाण्याकडचाच. "नाना, डायलॉग व्हई जाऊ द्या!" पालकाच्या दोन जुड्या हातात धरून यांनी शेठला दम दिला. मी फाटकाशी उभी राहून आकाशाकडे बघत होते.

गेल्या वर्षी एक मुलगी घर शोधत आली. आमच्याच भागातली, कॉलेजात शिकवते आणि जुन्या अहिराणी पिक्चरांच्या टेपा गोळा करते. मालेगावचा तो व्हिडिओवाला वारला होता, आणि त्याच्या घरच्यांनी तिला यांच्या पिक्चरची एकुलती एक टेप दिली होती. चित्र बऱ्यापैकी निघालं होतं. आवाज मात्र गेलेला. टेपच्या एका कडेला आवाजाची पट्टी असते म्हणे, आणि नेमकी ती कड बुरशीने खाल्ली होती. आता सगळा पिक्चर पुन्हा बोलून घ्यायचा आणि नाशिकमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना दाखवायचा, असा तिचा बेत होता. "संवाद अजून लोकांच्या तोंडी आहेत, बाकीच्यांचं आमची मुलं बोलतील," ती म्हणाली, "पण तुमचं तुम्हीच बोला, नाना."

मला तर उड्याच माराव्याशा वाटल्या. इतक्या वर्षांनी, आपल्या चेहऱ्याला आपला आवाज! बारीक आवाजाचं एक बरं असतं, तो फारसा म्हातारा होत नाही. हेही त्या रात्री बराच वेळ छताकडे बघत पडून होते. मला वाटलं, ठरलं.

रेकॉर्डिंगची खोली आमच्या घरापासून जवळच होती, भिंतींना गाद्या लावलेली. हे आत गेले, कानाला हेडफोन लावला, समोर तो चॉकलेटी पँटवाला पोरगा दिसला, आणि यांनी घसा खाकरला. मी काचेच्या अलीकडे बसले होते. त्या खाकरण्यावरूनच मी ओळखलं. "शेठ, आज हात जोडी ऱ्हायनू..." झाली साड्यांची विक्री सुरू! ती मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, "काकू, अगदी ओरिजिनल! लहानपणी यात्रेत ऐकला होता तसाच." मी म्हटलं, "हो ना, मेला तो माणूस, पण दुकान चालू आहे." ती बिचारी गोंधळली. बाहेर आल्यावर मी यांच्याशी भांडले. अगदी रस्त्यात. शेजारच्या डेअरीवाल्याने दुधाची पिशवी हातात धरून सगळं ऐकून घेतलं.

"पुऱ्या तालुकाले तोच ठावकी शे," हे म्हणाले. "आते मन्हा आवाज ऐकीसन काय करतीन? हसतीन."

"हसू देत. मी नाही का फसले? आणि तरी लग्न केलं ना?"

"तू उगी ऱ्हाय," म्हणून ते चालू लागले. चार दिवसांत सगळे संवाद त्याच आवाजात पार पडले.

राहिलं होतं एकच दृश्य. कांद्याच्या शेतात सूर्यास्ताला नायक एकटा उभा राहून काहीतरी म्हणतो. मूळ पिक्चरमध्ये तिथे नुसती बासरी वाजायची, कारण व्हिडिओवाल्याला कविता म्हणणं काही जमेना. ती यांचीच कविता होती, शूटिंगच्या दिवशी जुळवलेली. शूटिंगवाले सोडले तर ती कोणीच कधी ऐकली नव्हती, मीसुद्धा नाही. आणि आता यांना ती आठवत नव्हती! एवढंच आठवत होतं की सावलीची होती.

मग लॅपटॉप आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. मी म्हटलं, सरका, हे माझं काम आहे. पहिलीच्या वर्गावर आयुष्य गेलं माझं. कोणतं पोर 'प' म्हणतंय आणि कोणतं नुसतं ओठ हलवतंय, हे बघण्यातच नोकरी संपली. आणि हे ओठ तर माझ्या रोजच्या ओळखीचे. पहिल्या दोन ओळी उलगडल्या. दिवस बुडाला, सावली लांब लांब झाली. मग सावली म्हणते, जरा थांब. 'लांब', 'थांब' म्हणताना ओठ कसे मिटतात, ते लगेच दिसतं. घोडं अडलं ते शेवटच्या ओळीत. दोन शब्द शेजारी शेजारी, दोन्हीत ओठ आधी मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात.

"पाप," मी म्हटलं. "पापाना पाप?"

"मी कसाले पाप म्हनसू? माप व्हई ते. मी बाजार समितीना मानूस."

"मग माप आणि माप? दोनदा?"

प, ब, म या तिघांची मोठी गंमत आहे, बघणाऱ्याला तिन्ही सारखीच. मी पोरांना नेहमी सांगायचे, डोळे मिटून ऐका. इथे तर ऐकायला काहीच नव्हतं. मग मी तेच करायला लावलं. म्हटलं, "अहो, तुम्ही डोळे मिटा, आणि ते तोंड जसं हलतंय तसं नुसतं हलवा." त्यांनी डोळे मिटले. ओठ हलवले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडून आवाज निघाला, घरातला, बारीक.

"दिन बुडना, सावली मन्ही
लांब लांब व्हयनी;
जरा थांब म्हने माले,
बापना मापले उनी."

बापाच्या मापाला आली. शिडशिडीत पोराची सावली संध्याकाळी लांब होत होत धिप्पाड बापाएवढी झाली, आणि तीच म्हणते, थांब की जरा, आत्ता कुठे मी पोचले. हे डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले. मी सुनेला उगीचच चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गाद्यांच्या खोलीत यांनी कविता आधी भरदार आवाजात म्हटली. यांनी स्वतःच हेडफोन काढून खाली ठेवला. "नही. हाई त्या आवाजमा बसत नही," म्हणाले, आणि मग घरच्या आवाजात म्हटली, एका दमात. मुलगी घाबरत म्हणाली, "पण नाना, मध्येच आवाज बदलेल. लोकांना खटकेल." मी काचेतून ओरडले, "अगं, हिंदी पिक्चरात हिरो बोलतो एका गळ्याने आणि गातो दुसऱ्याच. आजवर कोणाला खटकलं?" झालं, तसंच राहू दिलं. लोकांना वाटेल, कविता दुसऱ्या कोणी म्हटली. मला मात्र तेवढंच टोचत राहिलं, की पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोलले, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर जाणार.

पिक्चर एका रविवारी दुपारी कॉलेजच्या सभागृहात लागला. सटाणा, मालेगाव, देवळ्याकडची नाशिकला स्थायिक झालेली माणसं बायकापोरांसकट आलेली. आम्ही मुद्दाम मधल्या रांगेत, अंधारात बसलो होतो. 'हाऊच हात उगारसू'ला अख्खं सभागृह सोबत ओरडलं. यांची मान ताठ झाली, आणि खोटं कशाला बोलू, माझीही झाली. मग कांद्याचं शेत आलं. लोक बासरीची वाट बघत होते. त्याऐवजी तो बारीक, किंचित नाकातला आवाज सुरू झाला, आणि शिट्ट्या वाजवणारी माणसं गप्प झाली. कोणी हसलं नाही. चार ओळी संपल्या तरी टाळी पडली नाही.

आमच्या पुढच्या रांगेत एक म्हातारी बसली होती. ती अर्धवट मागे वळली आणि यांनाच विचारायला लागली, अंधारात हे कोण तिला काय ठाऊक, "भाऊ, हाऊ आवाज कोना शे?"

मी यांच्याकडे बघितलं. अनोळखी माणूस होतं, घराबाहेर होतो, आजूबाजूला सगळा तालुका होता. यांनी घसा खाकरला. म्हटलं, आता येणार तो खर्ज. पण खाकरून झाल्यावर जो आवाज आला तो आमच्या स्वयंपाकघरातला होता.

"मन्हा शे, माय."

म्हातारी डोळे बारीक करून पडद्याकडे बघू लागली, मग यांच्याकडे. "तुन्हा? आन् मंग तो पयला?"

"तो उसना व्हता," हे म्हणाले. "हाऊ मन्हा."